ठाण्यातल्या एका पॉवर बॅलडचं प्रकरण: गाणं कोणाचं, गोष्ट कोणाची

रॉक बँडचं एखादं पॉवर बॅलड, म्हणजे हळू सुरू होऊन मोठ्या गिटारवर चढत जाणारं संथ गाणं, लोकांना आवडलं की पहिला प्रश्न येतो तो त्यामागच्या गोष्टीचा. कोणासाठी लिहिलं? खरं घडलंय का? ठाण्यातल्या एका पाचजणांच्या मराठी बँडपुढे हा प्रश्न आला तेव्हा गोष्ट खरी होती आणि ऐकणाऱ्याला हलवून टाकणारीही होती. अडचण एवढीच होती की ती बँडमधल्या कोणाची नव्हती. ती कीबोर्डवाल्याच्या आईंची होती, आणि आईंना बोलता येत नव्हतं.

मी या बँडचा साउंड बघतो, तालमीपासून रेकॉर्डिंगपर्यंत. हे सगळं लिहायला बँडने आणि घरच्यांनी परवानगी दिली आहे ती एका अटीवर: माणसांची, बँडची आणि गाण्याची नावं यायची नाहीत. अट कशी ठरली तोच या प्रकरणाचा गाभा आहे, त्यामुळे ती पुढे सविस्तर येईल.

बँडची तालीम वागळे इस्टेट या औद्योगिक भागातल्या एका गाळ्यात चालते. ठाण्यातले बरेच बँड गाळेच शोधतात, कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, औद्योगिक भागात ती ७५ आणि ७० आहे. नौपाड्यातल्या फ्लॅटमध्ये ड्रमसेट लावणं म्हणजे शेजाऱ्यांशी वैर घेणं. मुलं आपापल्या नोकऱ्या सांभाळून वाजवतात. गायक लहानपणापासून शास्त्रीय संगीत शिकलेला, गिटारवाला ऐंशीच्या दशकातल्या हार्ड रॉकवर पोसलेला. दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: आपण संथ गाणी करायची नाहीत.

गाणं आलं कुठून

कीबोर्डवाल्याच्या आईंना, म्हणजे आमच्या काकूंना, पक्षाघाताचा झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात आणि पाय अधू झाले आणि वाचा गेली. याला वाचाघात म्हणतात. बोललेलं त्यांना बहुतेक सगळं कळायचं, काय म्हणायचंय तेही डोक्यात असायचं, पण शब्द तोंडावाटे बाहेर पडायचा नाही. पडला तर भलताच पडायचा आणि त्या चिडायच्या. चरईतल्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं पुढे बसून गाणारी बाई ती. तिचं चिडणं घरातल्या कोणाला बघवायचं नाही.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी त्यांच्यावर जी पद्धत वापरली ती १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला मांडली गेली. बोलण्यातला चढउतार दोन सुरांत बसवायचा, रुग्णाने रोजच्या गरजेचं छोटं वाक्य त्या सुरांत म्हणायचं आणि प्रत्येक अक्षराला डाव्या हाताने एक ठोका द्यायचा. भाषेचा डावा भाग दुखावलेला असला तरी सूर आणि चाल यांना मेंदूच्या उजव्या भागाचाही आधार मिळतो, त्याचा फायदा घ्यायचा हा त्यामागचा विचार. दोन सुरांमध्ये अंतर साधारण सा आणि कोमल ग इतकं असतं.

घरात सकाळ-संध्याकाळ हे चालायचं. "चहा हवा." "पाणी दे." "खिडकी लाव." काकूंचा डावा हात खुर्चीच्या हातावर पडायचा, एकेक अक्षर सुटं करत, मध्ये भरपूर जागा ठेवत. मुलगा आतल्या खोलीत लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत ते ऐकत असायचा. सा आणि कोमल ग ही मायनर कॉर्डची पहिली पायरी, आणि कीबोर्डवाल्याला ती ऐकून स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. एका रात्री हेडफोन लावून त्याने त्या दोन सुरांवर चाल बांधली. पहिल्या अंतऱ्याचे शब्द म्हणजे थेरपीतलीच वाक्यं होती, जशीच्या तशी. लय काकूंच्या ठोक्याची. मेट्रोनोमच्या क्लिकवर मोजली तेव्हा ती मिनिटाला ६० ठोक्यांच्या आसपास निघाली. मुखड्याच्या जागी त्याने काहीच लिहिलं नव्हतं, फक्त कॉर्ड्स होत्या.

"हे आपलं नाही"

तालमीत त्याने ते वाजवून दाखवलं तेव्हा विरोध दोन बाजूंनी झाला. गायकाचं म्हणणं, "रॉक गाण्यात मी 'चहा हवा' म्हणू? लोक हसतील रे." गिटारवाल्याचं म्हणणं अजून सरळ होतं: हे भावगीत आहे, चांगलं आहे, पण हे आपलं नाही.

इथे थोडं थांबून या गाण्यांचा इतिहास बघायला हवा, कारण पॉवर बॅलड बहुतेक वेळा अशाच नकारातून जन्माला आलेलं दिसतं. इलिनॉयच्या आरईओ स्पीडवॅगन या बँडचं 'कीप ऑन लव्हिंग यू' मार्च १९८१ मध्ये अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते लिहिणारे गायक केविन क्रोनिन यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकिकत अशी: तालमीत ते पियानोवर हे गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते आणि बाकीच्यांना ते बँडचं वाटतच नव्हतं. शेवटी गिटारवादक गॅरी रिचराथ यांनी गिटार लावून आवाज मोठा केला आणि पियानोच्या आवाजावर मात करत वाजवायला सुरुवात केली. त्या दोन आवाजांच्या टकरीतून गाण्याला त्याचं रूप मिळालं. जर्नी या अमेरिकी बँडच्या 'ओपन आर्म्स'चंही तसंच. कीबोर्डवादक जोनाथन केन यांनी ती चाल आधीच्या बँडमध्ये असताना पुढे केली होती, तिथल्या गायकाने ती नाकारली. जर्नीमध्ये गायक स्टीव्ह पेरी यांनी ती उचलून धरली, पण गिटारवादक नील शॉन यांना हे गाणं बँडला शोभेल असं वाटत नव्हतं. १९८२ मध्ये ते सहा आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिलं.

या दोन्ही हकिकतींत माझ्या मते एक गोष्ट सारखी आहे. कीबोर्डवाल्याने गाणं मऊ आणलं, गिटारवाल्याने हत्यार खाली ठेवलं नाही, आणि दोघांनी माघार न घेतल्यामुळे गाणं उभं राहिलं. गिटारवाला गप्प मान्य करून बारीक वाजवत बसला असता तर ते नुसतं संथ गाणं झालं असतं.

आमच्या गाळ्यातही तेच झालं, पण निराळ्या वाटेने. गिटारवाला म्हणाला, "अंतऱ्यात मी वाजवणारच नाही. मुखड्यात वाजवीन, पण माझ्या आवाजात." आणि तो खरंच गिटार मांडीवर ठेवून दोन अंतरे बसून राहिला.

आता पट्टीची गंमत. कीबोर्डवाल्याने चाल हार्मोनियमच्या पांढरी चार पट्टीत बांधली होती. शेवटच्या मुखड्यात गायकाला तार सप्तकातल्या मध्यमापर्यंत जायचं होतं आणि पांढरी चारमध्ये तो मध्यम त्याच्या गळ्यातून ओरडल्यासारखा यायचा. काळी दोनमध्ये आणल्यावर बसला. गिटारवाल्याच्या तारा हार्ड रॉकच्या रिवाजाप्रमाणे आधीपासूनच अर्धा सूर उतरवलेल्या. म्हणजे त्याने ई मायनर धरला की काळी दोनच वाजणार. गायकाची पट्टी आणि गिटारची सैल तार एका जागी येऊन मिळाली.

आणि त्या सैल तारेमुळेच पुढचं घडलं. मुखडा आला तेव्हा त्याने डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा सूर फाटका आणि जाड करणारा इफेक्ट, पूर्ण उघडलं, बाराव्या पडद्यावर सा धरला आणि तार ताणत ताणत कोमल ग पर्यंत नेली. तीन अर्ध्या सुरांचा ताण नेहमी लावलेल्या तारेवर बोटांची परीक्षा बघतो, उतरवलेल्या तारेवर थोडा सोसतो. काकूंच्या घरात जे दोन सूर सुटे पडायचे, एक ठोका, मग मोकळी जागा, मग दुसरा ठोका, ते इथे एका मींडेने जोडले गेले. कीबोर्डवाला वाजवायचा थांबला. त्याने गिटारवाल्याला सांगितलं नव्हतं की हे दोन सूर कुठून आले आहेत. त्या रात्री सांगितलं.

मुखड्याला शब्द हवेत असा गायकाचा आग्रह तरीही होता. "बोल ना, बोल ना" अशी ओळ त्याने आणली, ती म्हणायला सोपी आणि लोकांना सोबत गाता येईल अशी होती. कीबोर्डवाल्याने ती ठामपणे नाकारली. "आईला सगळे हेच म्हणतात रे. याचाच तिला त्रास होतो." मग मुखड्यात आकारच, म्हणजे शब्दांविना नुसता 'आ', राहिला. वरच्या सुरावर लांब ठेहराव घ्यायला आकार गळ्याला सोपाही असतो, त्यामुळे गायकाची तक्रार हळूहळू मिटली.

काकूंची दुरुस्ती

तालमीचं कच्चं रेकॉर्डिंग मुलाने घरी मोबाइलवर ऐकवलं. मी त्या दिवशी माइक परत न्यायला गेलो होतो म्हणून तिथे होतो. गायकाने 'चहा हवा' म्हणताना शेवटचं 'वा' कोमल ग वर नेलं होतं. चालीच्या दृष्टीने ते छान वाटायचं, ओळ वर उघडी राहायची. काकूंनी ते ऐकलं आणि खुर्चीच्या हातावर जोरात हात आपटला. मुलाने रेकॉर्डिंग थांबवलं. त्यांनी डाव्या हाताने ठोके देत स्वतः म्हटलं: च, हा, ह, वा. चढ 'हा'वर होता, 'वा' खाली सा वर येऊन टेकला. मग मोबाइलकडे बोट केलं आणि मान नकारार्थी हलवली. पुन्हा तेच, पुन्हा खाली टेकणारं 'वा'.

आम्हाला क्षणभर कळेना. मग मुलाच्या लक्षात आलं. शेवट वर गेला की तो प्रश्न होतो. "चहा हवा?" हे घरातले सगळे त्यांना विचारत होते. शेवट खाली टेकला की ती त्यांची मागणी होते, त्यांचं स्वतःचं वाक्य. गायकाने नकळत त्यांच्या तोंडचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी दिलं होतं.

गाण्याची बांधणी या दुरुस्तीने बदलली. आता पहिल्या अंतऱ्यात प्रत्येक वाक्य खाली टेकतं, ती बोलते आहे. दुसऱ्या अंतऱ्यात तेच शब्द वर उघडे राहतात, मुलगा विचारतो आहे. बाकी एक अक्षर बदललेलं नाही. मी बऱ्याच बँडांबरोबर काम केलं आहे, दोन अंतऱ्यांमधला इतका नेमका फरक इतक्या कमी सामानात केलेला मी ऐकलेला नाही. आणि तो फरक कीबोर्डवाल्याचा नाही, गायकाचाही नाही. तो काकूंचा आहे.

पहाटेचा कार्यक्रम

गाणं पहिल्यांदा लोकांसमोर आलं ते घोडबंदर रोडवरच्या एका संकुलाच्या दिवाळी पहाटेला. रॉक बँडला दिवाळी पहाट मिळणं हीच नवलाची गोष्ट. आयोजकांनी आधीच बजावलं होतं: सहाच्या आधी स्पीकर नाही आणि कुंपणाशी आवाज ६५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. नियमही तेच सांगतो, परिसराच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. ड्रमसेट बाद झाला. ड्रमवाल्याने काहोन, म्हणजे हाताने वाजवायचा लाकडी खोका, आणला. गिटार अँपऐवजी मॉडेलरमधून, म्हणजे अँपच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्रातून, थेट मिक्सरला घेतली, म्हणजे डिस्टॉर्शनमुळे मिळणारा लांब ठेहराव कमी आवाजातही टिकतो.

मला भीती होती की पॉवर बॅलडमधली पॉवरच जाईल. पण १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, आणि तेवढी जागा आमच्या हातात होती, फक्त खालून काढायची होती. पहिला अंतरा मी इतका खाली ठेवला की खुर्च्या सरकवणारे लोक थांबले. बासरीएवढाही आवाज नव्हता. मग मुखड्यात फेडर ६५ च्या आत राहूनच वर नेला. पुढच्या रांगेतल्या आजी-आजोबांनी कानावर हात ठेवले नाहीत, आणि मागे उभी असलेली कॉलेजची मुलं मोबाइल काढून रेकॉर्ड करायला लागली.

कार्यक्रमानंतर लोक येऊन बोलले. एका गृहस्थांना ते त्यांच्या थकलेल्या वडिलांचं गाणं वाटलं. एका तरुण आईला वाटलं की हे नुकतं बोलायला लागलेल्या बाळाचं आहे. वाचाघाताचा उल्लेख कोणाच्याच बोलण्यात नव्हता, कारण स्टेजवरून कोणी काही सांगितलंच नव्हतं.

गोष्ट सांगायची का

त्या पहाटेची एक क्लिप फिरली. मग डिजिटल प्रसिद्धीचं काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने बँडला सुचवलं: आईंचा ठोके देतानाचा व्हिडिओ काढा, गाण्याला जोडा, खाली सगळी हकिकत द्या. गाणं कुठल्या कुठे जाईल.

बँडमध्ये फूट पडली. गायक आणि ड्रमवाला व्हिडिओच्या बाजूने होते, आणि त्यांचा मुद्दा मला आजही हलका वाटत नाही. वाचाघात झालेल्या माणसाला लोक वेडसर किंवा बहिरा समजतात, त्याच्याशी मोठ्याने बोलतात, बँकेत त्याच्या देखत त्याच्या मुलाला विचारतात. गाण्यामुळे चार घरांना ही पद्धत कळली तर वाईट काय? बासवाला तटस्थ राहिला. गिटारवाला विरोधात होता. त्याचं म्हणणं, काकू भजनी मंडळात पदर नीट करून, हार्मोनियमला सूर जुळवून मग गायला बसायच्या. त्यांचं हे अर्धवट गाणं लोकांपुढे ठेवायचा आपल्याला काय अधिकार? कीबोर्डवाला काहीच बोलत नव्हता. मुलगा म्हणून त्याला जे वाटत होतं ते बँडवाला म्हणून वाटत नव्हतं.

तोडगा शेवटी मॅडमनी दिला. "त्यांनाच विचारा. त्यांना समजतं." पण विचारायचं कसं तेही त्यांनी शिकवलं. वाचाघातात 'हो' आणि 'नाही' यांची अदलाबदल होऊ शकते, म्हणून प्रत्येक प्रश्न उलटसुलट करून दोनदा विचारायचा: व्हिडिओ काढायचा का, आणि नंतर, व्हिडिओ काढायचा नाही का. एका वेळी एकच गोष्ट, समोर चित्र, उत्तराला भरपूर वेळ, आणि थकल्या की थांबायचं. मुलाने स्वतः विचारायचं नाही, कारण आई मुलाला बरं वाटावं म्हणून मान डोलावेल. विचारायचं काम काकूंच्या भजनी मंडळातल्या मैत्रिणीने केलं.

उत्तरं स्पष्ट आली. गाणं लोकांना ऐकवायचं? हो. व्हिडिओ? नाही, आणि उलट विचारल्यावरही तेच. फोटो? नाही. ही हकिकत कोणी लिहिली तर? नाव न घेता, हो. त्यानंतर मैत्रिणीने यादीत नसलेला एक प्रश्न आपल्या मनाने विचारला: गाण्यावर तुझं नाव हवं का गं? काकूंनी लगेच हो म्हटलं आणि हात खुर्चीवर दोनदा आपटला.

म्हणजे गोष्ट नको, पण नाव हवं. आम्ही सगळे याच्या बरोबर उलट गृहीत धरून बसलो होतो, की त्यांची गोष्ट सांगायची असेल तर नाव झाकायचं. श्रेय आणि सहानुभूती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या बाईंनी एका हाताने सांगितलं, आणि माझ्या मते संगीतात काम करणाऱ्या माणसाला त्यांतलं श्रेयच हवं असतं.

नावं

मग नाव कुठे घालायचं? ऋणनिर्देशात, की संगीतकारांत? गायक म्हणाला ऋणनिर्देश पुरे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, शब्द आणि संगीत या दोन स्वतंत्र कृती आहेत. संगीताचा कर्ता संगीतकार. दोघांतिघांनी मिळून केलेल्या कामात एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून सुटा काढता येत नसेल तर ती संयुक्त कर्तृत्वाची कृती ठरते. सा आणि कोमल ग या नुसत्या दोन सुरांवर कोणाचीच मालकी नसते, आणि 'चहा हवा' या शब्दांवरही नसते. पण खाली टेकणारा आणि वर उघडा राहणारा शेवट, त्यांची दोन अंतऱ्यांतली मांडणी, आणि त्या दोन सुरांना जोडणारी मुखड्यातली मींड, हे काढलं तर गाण्यात काय उरतं? कॉर्ड्स. म्हणून संगीतकार म्हणून तीन नावं लागली: कीबोर्डवाला, गिटारवाला, काकू. तिघांचा वाटा सारखा. शब्दांवर कीबोर्डवाला आणि गायक. बास आणि ड्रमवाल्याचे वादक म्हणून हक्क वेगळे, ते रेकॉर्डिंगच्या उत्पन्नातून ठरले.

गिटारवाल्याला वाटा मिळाल्याचं मला विशेष समाधान आहे. बँडमध्ये गिटारच्या तुकड्याला 'वाजवणं' म्हणतात आणि कीबोर्डवर बसून केलं त्याला 'चाल लावणं'. अर्धी भांडणं इथूनच सुरू होतात.

एकपानी करार झाला. तो काकूंना सावकाश वाचून दाखवला, प्रत्येक कलमानंतर थांबून. सही त्यांनी डाव्या हाताने केली, थेरपीत गिरवलेली.

गाणं प्रसिद्ध झालं तेव्हा वर्णनात कसलीही हकिकत टाकली नाही. संगीतकारांत तीन नावं आहेत. तिसरं कोणाचं असं विचारलं की गायक "आमच्या ज्येष्ठ संगीतकार" एवढंच सांगतो. ड्रमवाल्याने वाचाघाताचा मुद्दा सोडलेला नाही. तो आता मॅडमबरोबर या पद्धतीची साध्या मराठीत माहिती देणारी स्वतंत्र ध्वनिफीत करतो आहे, आणि तिच्यात या गाण्याचा उल्लेख नाही.

संगीतकार-गीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे तिघांची नोंदणी करायचं काम चालू आहे. रॉयल्टीसाठी काकूंचं स्वतःचं खातं द्यायचं ठरलं, मुलाचं नाही. बँकेत त्यांच्या सहीचा जुना नमुना उजव्या हाताचा आहे, तो बदलून डाव्या हाताचा द्यावा लागणार आहे. त्यासाठी कीबोर्डवाल्याने पुढच्या सोमवारची सुट्टी टाकली आहे, आणि बँकेत प्रश्न काकूंनाच विचारायचे, त्याला नाही, हे तो आधी मॅनेजरला जाऊन सांगून येणार आहे.